हळकुंड मोडून बघा: एक्स्टेंशनवरून न कळणारी फाइल ओळखायची कशी आणि उघडायची कशी

मार्चअखेरच्या धांदलीत सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातला पोरगा माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आला. आत एकच फाइल होती, टीबीके९००.००१. गेले दोन दिवस तो ००२ नावाची फाइल शोधत होता. "काका, इंटरनेटवर लिहिलंय, ००१ म्हणजे मोठ्या फाइलीचा पहिला तुकडा. बाकीचे तुकडे जुन्या कॉम्प्युटरवर राहिले, आणि तो तर भंगारात गेला." चेहरा पार उतरला होता. दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब त्या फाइलीत होते.

इंटरनेटवर वाचलेलं खोटं नव्हतं. मोठी फाइल तोडून ठेवली की तुकड्यांना ००१, ००२ अशीच नावं पडतात. पण टीबीके९००.००१ हे टॅली ईआरपी ९ च्या बॅकअपचं ठरलेलं नाव आहे. ती फाइल तुकडा नव्हतीच, अख्खी होती. टॅलीत 'रिस्टोअर'मध्ये जाऊन, पेनड्राइव्हचा फोल्डर दाखवून हिशेब परत मिळाले. रिस्टोअर मात्र नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये केलं. त्याच क्रमांकाची कंपनी आधीपासून असलेल्या फोल्डरमध्ये केलं असतं, तर चालू डेटावर जुना डेटा बसला असता.

त्याच्याच यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी पोत्यावरची चिठ्ठी वाचून भाव बोलत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मग बोलतो. फाइलीचं एक्स्टेंशन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, ही पोत्यावरची चिठ्ठी आहे. विंडोज ती चिठ्ठी वाचून ठरवतं की फाइल कोणत्या प्रोग्रॅमकडे पाठवायची. चिठ्ठी नसली, चुकीची असली किंवा एकच चिठ्ठी दोन वेगळ्या मालांवर असली की अडतं. डॉसच्या जमान्यात नावाला आठ आणि एक्स्टेंशनला तीनच अक्षरं मिळायची. कोणतं एक्स्टेंशन कोणी घ्यायचं हे ठरवणारंही कोणी नव्हतं, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यानं घेतलं. आजचे बरेचसे घोळ तिथून आलेत.

आधी कॉपी, मग बाकीचं

मूळ फाइलीला हात लावू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये तिची कॉपी घ्या आणि जे काही कराल ते कॉपीवर करा. पेनड्राइव्ह ग्राहकाचा किंवा पाहुण्याचा असेल तर हे फारच महत्त्वाचं.

मग फाइलीवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघा. शून्य बाइट असेल तर आत काहीच नाही, कोणतंही सॉफ्टवेअर ती उघडणार नाही, पाठवणाऱ्याकडून परत मागवा. आकार एक-दोन केबी आणि चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर तो शॉर्टकट आहे. लोक डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेतात आणि फाइल आणली असं समजून वीस किलोमीटरवरून येतात. खरी फाइल त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच राहिलेली असते. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून उचललेल्या जीडॉक फाइलीचंही तसंच. तिच्यात मजकूर नसतो, तो कुठे आहे याचा पत्ता असतो.

चिठ्ठी पूर्ण दिसू द्या

विंडोज मुळात एक्स्टेंशन लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' यावर टिचकी मारा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'मध्येच त्याची चौकट आहे. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'अॅडव्हान्स्ड'खाली ही सोय मिळेल.

एवढं केल्यावर काही फाइलींचं खरं रूप लगेच दिसतं. 'पत्रिका.पीडीएफ' वाटणारी फाइल 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' निघाली तर ती पत्रिका नाही, प्रोग्रॅम आहे. फाइलीचं चिन्ह हा काहीच पुरावा नाही, कोणत्याही प्रोग्रॅमला पीडीएफचं चिन्ह लावता येतं. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एमएसआय यांच्यावर ओळख पटल्याशिवाय डबल क्लिक करायचं नाही. मोबाइलवर हाच नियम एपीकेला, म्हणजे अँड्रॉइड अॅपच्या फाइलीला. लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर 'लग्नाचं आमंत्रण' नावाची एपीके येते, गाडीच्या चलनाच्या नावानंही येते. लग्नपत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. तिच्यासाठी फोनमध्ये अॅप टाकावं लागत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हे शांतपणे बसून समजावून सांगा, कारण ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आलं की ती विश्वास ठेवतात. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

फाइल कुठून आली ते विचारा

ही पायरी सगळ्यात स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. एकच एक्स्टेंशन कोणाच्या हातून आलं यावर अर्थ बदलतो.

सीडीआर घ्या. छपाईवाल्याकडून आली तर कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमची फाइल. वकिलाच्या ऑफिसातून 'मोबाइलचा सीडीआर' म्हणून कोणी काही आणलं, तर ते कॉल डिटेल रेकॉर्ड असतं, म्हणजे कॉलची यादी, आणि ती बहुधा एक्सेलमध्ये किंवा साध्या मजकुरात असते. पब म्हणजे मायक्रोसॉफ्ट पब्लिशर, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरानं दिली असेल तर ती लॉगिनसाठीची सार्वजनिक किल्ली (पब्लिक की), एका ओळीचा मजकूर. बॅक, म्हणजे बीएके, तर कोणीही वापरतं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या ड्रॉइंगच्या ऑफिसातून आली तर ऑटोकॅडची आधीची प्रत असते. कॉपीचं एक्स्टेंशन बदलून डीडब्ल्यूजी करा, उघडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आली तर ती एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा बॅकअप असू शकते, आणि ती त्या सर्व्हरमध्येच रिस्टोअर करावी लागते.

डीएटीचे प्रकार तर मोजता येणार नाहीत. पण घराघरात सापडतो तो एकच: लग्नाची व्हीसीडी. त्या चकतीत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर असतो आणि आत 'एव्हीएसईक्यू०१.डीएटी'. ही सरळ व्हिडिओ फाइल आहे. व्हीएलसी प्लेअर उघडा, फाइल त्याच्यावर ओढून सोडा, चालते. चकती जुनी आणि ओरखडलेली असेल तर कॉपी मध्येच अडते, अशा वेळी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. ईमेलला 'विनमेल.डीएटी' जोडून आली असेल तर ती आउटलुकनं बांधलेली पुडी आहे, खरी फाइल तिच्या आत. पाठवणाऱ्याला मेल 'एचटीएमएल' किंवा 'प्लेन टेक्स्ट' स्वरूपात परत पाठवायला सांगणं हा सोपा इलाज.

हळकुंड मोडा

विचारून भागलं नाही तर आत बघायचं. बहुतेक फाइलींच्या अगदी सुरुवातीला त्यांची स्वतःची खूण असते, आणि नाव बदललं तरी ती बदलत नाही. नोटपॅड उघडा आणि फाइलीची कॉपी त्यात ओढून सोडा. चित्रविचित्र अक्षरांचा ढीग दिसेल, घाबरू नका. पहिल्या ओळीतली पहिली काही अक्षरं तेवढी वाचा. वाचून झालं की नोटपॅड बंद करा, आणि सेव्ह करायचं का असं विचारलं तर 'नाही' म्हणा. नोटपॅडमधून सेव्ह केलेली फोटोची किंवा वर्डची फाइल बिघडते. फाइल शेकडो एमबीची असेल तर नोटपॅड अडकतं, तिथे एचएक्सडी हे फुकट मिळणारं हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणारं साधन, वापरा.

आता खुणा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं दिसली की ती पीडीएफ. जेएफआयएफ किंवा ईएक्सआयएफ दिसलं की जेपीईजी फोटो. पीएनजी आणि जीआयएफ आपलं नाव स्वतःच सांगतात. ओजीजीएस म्हणजे ओग, व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेज या जातीचे. चार अक्षरं सोडून एफटीवायपी दिसलं तर एमपी४ व्हिडिओ किंवा आयफोनचा एचईआयसी फोटो. त्याच्या पुढची अक्षरं वाचली की दोघांतला फरक कळतो. आरएआर आणि ७झेड ही दाबून लहान केलेल्या फाइलींची नावं आहेतच. एसी१०३२ किंवा एसी१०१५ असं काही दिसलं तर ऑटोकॅडचं ड्रॉइंग, आणि आकड्यावरून आवृत्तीही कळते: १०१५ म्हणजे २०००, १०२७ म्हणजे २०१३, १०३२ म्हणजे २०१८. ड्रॉइंग का उघडत नाही याचं उत्तर पुष्कळदा या आकड्यातच असतं.

एमझेड दिसलं तर थांबा. ही विंडोजच्या प्रोग्रॅमची खूण आहे, मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची आद्याक्षरं. नावात फोटो किंवा बिल आणि आत एमझेड असेल तर ती फाइल उघडायची नाही, काढून टाकायची.

पीके या दोन अक्षरांवर जरा जास्त वेळ घालवू. ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, १९८९ मध्ये त्यांनी झिप हा प्रकार आणला. आज नुसत्या झिप फाइलीच नव्हे, तर वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स, लिबरऑफिसची ओडीटी, ईपब पुस्तकं, गूगल अर्थची केएमझेड आणि मोबाइलची एपीके ही सगळी आतून झिपच आहेत. म्हणून पीके दिसलं की काम अर्धंच झालेलं असतं. सेव्हन-झिप टाका, कॉपीवर राइट क्लिक करून 'ओपन आर्काइव्ह' म्हणा आणि आतल्या फोल्डरांची नावं वाचा. 'वर्ड' नावाचा फोल्डर असेल तर डॉक्स, 'एक्सएल' असेल तर एक्सेल, 'पीपीटी' असेल तर पॉवरपॉइंट. 'अँड्रॉइडमॅनिफेस्ट' दिसलं तर एपीके, म्हणजे पुन्हा सावध. यातलं काहीच नसेल, नुसते फोटो आणि कागद असतील, तर साधी झिप.

जुन्या डॉक, एक्सएलएस, पीपीटी आणि पब्लिशरच्या फाइलींची खूण नोटपॅडमध्ये नीट वाचता येत नाही. हेक्समध्ये ती डी०, सीएफ, ११, ई० अशी दिसते. इंग्रजीतला 'डॉकफाइल' हा शब्द जमेल तसा आकड्यांत बसवलाय. चौघांची खूण एकच असल्यामुळे कॉपी सरळ लिबरऑफिसला द्या, ते स्वतः ओळखतं. पब्लिशरच्या फाइलीही लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात.

आरआयएफएफ हेही असंच एक पाकीट. त्यापुढची चार अक्षरं सोडून जे दिसतं ते खरं नाव: वेव्ह, एव्हीआय, वेबपी. सीडीएक्सए दिसलं तर वर सांगितलेली व्हीसीडी.

एक्सेल म्हणतं जुळत नाही

बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेली एक्सएलएस फाइल उघडताना एक्सेल इशारा देतं की फाइलीचा प्रकार आणि एक्स्टेंशन जुळत नाही. लोकांना वाटतं व्हायरस आला. नोटपॅडमध्ये बघा. सुरुवातीला कोनी कंसात एचटीएमएल किंवा टेबल असेल, तर ते वेब पानावरचं कोष्टक आहे, त्याला एक्सेलची चिठ्ठी लावून दिलेलं. इशाऱ्याला 'येस' म्हणा, फाइल उघडते, मग 'सेव्ह अॅज'मधून एक्सएलएसएक्स करून ठेवा. मजकूर स्वल्पविरामांनी तोडलेला असेल तर ती सीएसव्ही. सीएसव्ही डबल क्लिकनं उघडू नका, 'डेटा'मधून आणा आणि खाते क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट' निवडा. एक्सेल १५ अंकांपुढचं धरत नाही, १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि सेव्ह केल्यावर परत येत नाही. अनुदानाच्या यादीत असा एक अंक गेला तर पैसे खात्यावर पडत नाहीत.

उतारा किंवा दाखला उतरवल्यावर एएसपीएक्स, एएसएचएक्स किंवा पीएचपी नावाची फाइल हाती येते, त्याचीही रीत हीच. आत टक्का-पीडीएफ असेल तर कॉपीचं एक्स्टेंशन पीडीएफ करा, कागद समोर येईल. आत वेब पानाचा मजकूर असेल आणि त्यात कुठेतरी 'सेशन एक्स्पायर्ड' असं वाचायला मिळालं, तर कागद उतरलाच नाही, फक्त चूक झाल्याचा निरोप उतरलाय. पुन्हा लॉगिन करा.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या, टिंबावरच संपणाऱ्या फाइलींनाही असंच बघा. बहुतेक पीडीएफ निघतात.

कोरल आणि पेजमेकर

आता माझ्या धंद्यातलं. कोरलची फाइल दोन प्रकारांनी ओळखता येते. जुन्या आवृत्त्यांची सुरुवात आरआयएफएफनं, आणि एक्स४ पासून पुढच्यांची पीकेनं. पीकेवाली असेल तर सेव्हन-झिपनं उघडून आत 'मेटाडेटा' फोल्डरमध्ये डोकवा, पानाचं छोटं चित्र सापडतं. कोरल नसतानाही पत्रिका आहे की हळदीच्या पुड्याचं डिझाइन, एवढं कळून जातं. नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही आणि ती बिघडली असं वाटतं. पाठवणाऱ्याला 'सेव्ह अॅज'मध्ये खालची आवृत्ती निवडायला सांगा. इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ सीडीआर उघडतात, पण मांडणी थोडी हलते, त्यामुळे बघण्यापुरतं ठीक, छपाईला नको.

पी६५ आणि पीएमडी या पेजमेकरच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७, २००१ ची आहे, पण जिल्ह्यातल्या कितीतरी दिवाळी अंकांची, स्मरणिकांची, पतसंस्थांच्या अहवालांची मूळ पानं अजून त्यातच पडून आहेत. लिबरऑफिस त्या उघडतं. जुनं इनडिझाइन सीएस६ असेल तर आणखी बरं. पण उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि लोक तिथेच हात टेकतात. फाइल बिघडलेली नाही. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. श्रीलिपीतला मजकूर श्रीलिपीच्याच फॉन्टमध्ये वाचता येतो. परिच्छेद जागच्या जागी, शब्दांमधली अंतरं नीट आणि फक्त अक्षरं अनोळखी, असं असेल तर दोष फॉन्टचा. तो फॉन्ट टाका किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार मात्र एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे कन्व्हर्टर हमखास चुकतो.

नावंच गेलेल्या फाइली

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या खणभागातल्या एका घरातली हार्ड डिस्क माझ्याकडे आली. डेटा काढणाऱ्यानं ती साफ करून जेवढं निघालं तेवढं एका डिस्कवर दिलं होतं, पण घरच्यांना त्यात एकही फोटो दिसेना. 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरात शेकडो फाइली, नावं फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशी पुढे. डिस्कची तपासणी करताना विंडोजला कोणाच्या मालकीचे हे न कळलेले तुकडे सापडले की ते अशा नावानं ठेवतं. यांतली एक नोटपॅडमध्ये ओढली, तर सुरुवातीच्या काही अक्षरांपुढेच ईएक्सआयएफ, आणि खाली कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव. कॉपीचं एक्स्टेंशन जेपीजी केलं. आयर्विन पुलावर उभी असलेली एक मुलगी, गणवेशात, केस वाऱ्यानं तोंडावर आलेले. शेजारी बसलेल्या तिच्या आईनं स्क्रीनला हात लावला.

शेकडो फाइली हातानं बदलत बसायचं नाही. ट्रिड हा फुकट प्रोग्रॅम हजारो प्रकारांच्या खुणा ओळखतो आणि ओळखलेलं एक्स्टेंशन नावाला आपोआप जोडायची सोय त्यात आहे. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये 'फाइल' ही आज्ञा लिहून पुढे फाइलीचं नाव दिलं की तोच निकाल मिळतो. एका वेळी फोल्डरभर बघायचं आणि नोंद ठेवायची असेल, तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं ड्रॉइड वापरा. सगळ्यांची उत्तरं अंदाज असतात. ट्रिड टक्केवारी देतं, दोन नावांत थोडाच फरक असेल तर दोन्ही करून बघा. ऑनलाइन ओळखून देणारी संकेतस्थळंही आहेत, पण आधार, बँक किंवा रुग्णालयाचे कागद तिथे चढवू नका. व्हायरसटोटल या व्हायरस तपासणाऱ्या संकेतस्थळावर टाकलेली फाइल त्यांच्या वर्गणीदारांना मिळू शकते. तिथे फक्त संशयास्पद प्रोग्रॅम टाकायचे.

आणि पुरात भिजलेली डिस्क असेल तर वीज जोडूच नका, तशीच डेटा काढणाऱ्याकडे न्या.

उघडताना

जात कळली की कॉपीवर राइट क्लिक, 'ओपन विथ', आणि योग्य प्रोग्रॅम. खालच्या 'ऑल्वेज' या पर्यायाला हात लावू नका, नाहीतर त्या एक्स्टेंशनच्या सगळ्याच फाइली तिकडे जायला लागतात. नाव बदलल्यानं फाइल बदलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आत खरंच जेपीईजी असेल तरच जेपीजी नाव उपयोगी. एचईआयसीला जेपीजी नाव दिल्यानं ती जेपीईजी होत नाही, ती कन्व्हर्टच करावी लागते. आयफोनवाल्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगितलं तर पुढचे फोटो जेपीईजीच येतील. जेएफआयएफ नावाची फाइल मात्र मुळातच जेपीईजी असते, तिचं नुसतं नाव बदललं तरी चालतं.

काही फाइली उघडणारच नाहीत. क्रिप्ट१४, क्रिप्ट१५ हे व्हॉट्सअॅपचे कुलूपबंद बॅकअप, किल्लीशिवाय नाही. हेक्समध्ये सगळीकडे शून्यच शून्य दिसलं तर नाव आणि आकार उरलाय, मजकूर गेलाय. आणि कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच फाइलींना एकाएकी एकच अनोळखी एक्स्टेंशन लागलं, सोबत पैसे मागणारी चिठ्ठी सापडली, तर इंटरनेटची वायर ताबडतोब काढा, काही पुसू नका आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारांची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर पाठवणाऱ्याला मेसेज करा. 'फाइल उघडत नाही' एवढंच लिहिलं तर तीच फाइल परत येते. मी असा पाठवतो:

"नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या फाइलीचं नाव आणि आकार खाली देतोय, तुमच्याकडे तेवढाच आहे का बघा. ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केली, आवृत्ती कोणती, आणि मराठी फॉन्ट कोणता वापरला तेवढं कळवा. शक्य असेल तर मूळ फाइलीसोबत एक पीडीएफही काढून द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा."